नाईट, बारगीर आणि पाईक

'नाईट' हा शब्द देवनागरीत लिहिला की मोठी पंचाईत होते. तो रात्रीचा नाईट की तलवारीचा, हे अक्षरांवरून कळायला मार्ग नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरेबियन नाइट्स' मराठीत आणताना त्यांना सुरस व चमत्कारिक गोष्टी म्हटले, म्हणून बरे. नाही तर एखाद्या भोळ्या वाचकाने त्यात अरबी सरदार मोजायला घेतले असते, आणि ते बरोबर एक हजार एक भरले असते!

इंग्रजीत ही अडचण कानाला येते, डोळ्याला येत नाही. तिथे तलवारीच्या नाईटच्या दारात एक मुका 'क' उभा असतो. तो बोलत नाही. पण जुन्या वाड्याच्या बंद पडलेल्या दिंडीदरवाजासारखा तो घराचे मूळ तोंड कुठे होते ते दाखवतो. जर्मन आणि डच भाषांत हाच शब्द 'क्नेख्त' या रूपात आहे आणि तिथे तो 'क' अजून स्पष्ट ऐकू येतो. मात्र तिथे त्याचा अर्थ चाकर, शेतावरचा गडी. एकाच आईची ही दोन लेकरे. एक दरबारात जाऊन बसले, दुसरे गोठ्यात शेण काढीत राहिले.

असे का झाले, आणि आपल्याकडच्या अशा शब्दांचे काय झाले, याचा विचार फराळाच्या ताटाशी बसून करायला हरकत नाही. समाज कोणाला मान देतो हे त्याच्या बखरींपेक्षा त्याच्या मानाच्या शब्दांवरून लवकर कळते, असे मला वाटते. त्या कसोटीवर काही मराठी शब्द घासून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

* * *

जुन्या इंग्रजीत 'क्निह्त' म्हणजे मुलगा, पोरगा. आणि त्यावरून घरात हाताखाली वावरणारा पोरगा. मराठीत 'पोऱ्या' शब्दाची हीच वाटचाल झालेली आहे. हॉटेलात "पोऱ्या, दोन चहा आण" असे म्हणणाऱ्याच्या मनात त्याचे वय नसते, काम असते. 'गडी' हा शब्दही याच जातीचा. घरी पाणी भरतो तो गडी, खेळात आपल्या बाजूने उभा राहतो तो गडी, आणि "गडी मोठा हिमतीचा" असे कौतुकाने म्हणतो तोही गडीच. चाकरी, सोबत आणि शौर्य या तिन्ही गोष्टी एका शब्दात सुखाने नांदतात. जुन्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ख्रिस्ताच्या शिष्यांनाही याच शब्दाचे नाव दिले आहे: 'लेओर्निंगक्निह्त', म्हणजे शिकणारा पोर. तेव्हा ज्याला आपण चिलखत घालून कल्पनेत उभा करतो, तो नाईट मुळात विद्यार्थी आणि घरगडी होता.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांचे बळ घोडदळात होते. विल्यम राजाने आपला मुलगा हेन्री याला शस्त्रदीक्षा दिल्याची नोंद जुन्या इंग्रजी बखरीत १०८६ सालाखाली आहे. तिथे बखरकार 'क्निह्त' म्हणत नाही. तो 'रिडेरे', म्हणजे सरळ 'स्वार' असा शब्द वापरतो. पण पुढे हा 'स्वार' मागे पडला आणि चाकराचा शब्द जिंकला. फ्रेंचांचा 'शव्हालिए', स्पॅनिशांचा 'काबाय्येरो' हे शब्द घोड्यावरून आले, जर्मनांचा 'रिटर' स्वारीवरून आला. युरोपातल्या इतर भाषांनी त्या माणसाच्या मांडीखालचे जनावर पाहिले. एकट्या इंग्रजीने त्याचे धन्याशी असलेले नाते पाहिले. मग घोडा, चिलखत, भाला यांचा खर्च सामान्याच्या आवाक्याबाहेर गेला, चाकरीची वतने झाली, वतनांची घराणी झाली, आणि शब्दातला चाकर हळूहळू विसरला गेला.

त्याच्या नावामागे लागणारा 'सर' हा आणखी गमतीचा. तो लॅटिनमधल्या 'सेनिओर' या शब्दापासून आला. त्याचा अर्थ वयाने मोठा, वडील. म्हणजे नाईट म्हणजे पोर आणि सर म्हणजे वडील. राजापुढे गुडघे टेकतो तो पोर, खांद्याला तलवारीचे पाते लागून उठतो तो वडील! आणि हाच 'सर' आमच्या शाळांनी गुरुजींना आणि मास्तरांना हटवून फळ्यापुढे उभा केला. इंग्रजीत नाईट एके काळी विद्यार्थी होता. मराठीत सर शिक्षक झाले. जोडी जमली म्हणायची.

* * *

आता आपल्या पागेकडे वळू.

'घोडेस्वार' हा शब्द आपण रोज वापरतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले मातीचे घोडेस्वार मांडतात. या शब्दात किती घोडे आहेत? वरवर पाहता एक. पण 'स्वार' हा फार्सी शब्द प्राचीन इराणी 'असबार' या शब्दाचा वंशज आहे, आणि त्यातला 'अस' म्हणजे आपला अश्वच. घोड्याने वाहिलेला तो स्वार. म्हणजे घोडेस्वाराच्या मांडीखाली दोन घोडे आहेत, एक देशी आणि एक इराणी. मराठ्यांच्या इतिहासाला हे शोभते. त्यांच्या मुलुखगिरीत एका घोड्यावर कोणाचे भागले असेल असे वाटत नाही.

'राऊत' हा त्याहून जुना. 'राजपुत्र' या संस्कृत शब्दाचा प्राकृतातून 'राऊत' झाला. राजाचा मुलगा होता तो नुसता घोड्यावरचा शिपाई झाला, आणि आता तर तो केवळ आडनाव उरला. शाळेच्या हजेरीत, बँकेच्या खिडकीशी, एस.टी.च्या रांगेत आपल्याला राऊत भेटतात आणि आपण कोणी राजपुत्र आहोत हे त्यांच्या गावीही नसते. इंग्रजीत चाकर चढत जाऊन सरदार झाला, मराठीत राजपुत्र उतरत येऊन शिपाई झाला. दोघांची वाटेत कुठे तरी गाठ पडली असती, तर त्यांनी एकमेकांना रामराम केला असता की सलाम, हे ठरवणे कठीण आहे.

मराठी फौजेतले खरे मोठे दोन शब्द म्हणजे शिलेदार आणि बारगीर. 'सिलाह' म्हणजे हत्यार. ते बाळगणारा तो शिलेदार. घोडा त्याचा स्वतःचा, हत्यार स्वतःचे. 'बार' म्हणजे ओझे. ओझे घेणारा तो बारगीर. फार्सीत हा शब्द ओझ्याच्या जनावराला लावीत. मराठीत तो जनावरावर बसणाऱ्याला लागला, आणि ते जनावरही त्याचे नव्हते. घोडा सरकारी पागेतला. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची मांडणी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाले मिळून एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे पखालीवाला आणि नालबंदही नेमलेला. वाचकांनी हा हवालदार ओळखला असेलच. पोलीस चौकीत तो परवापर्यंत सायकल टेकून उभा असायचा. आणि त्याचा इंग्रजी भाऊ 'कॉन्स्टेबल' हाही लॅटिनमधल्या 'तबेल्याचा अधिकारी' या शब्दांतून आलेला आहे. दोघेही घोड्यांमधून उठून आपल्या चौकात येऊन उभे राहिले.

शिलेदार आणि बारगीर यांतला भेद आज ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आमच्या वर्तमानपत्रांत आणि चौकाचौकांतल्या फलकांवर हल्ली अमुक साहेबांचे शिलेदार, तमुक पक्षाचे शिलेदार अशी रेलचेल असते. शब्दाला डौल आहे, म्हणून तो उचलला गेला. पण गाडी साहेबांची, इंधन साहेबांचे, फलकाचा खर्चही साहेबांचा असेल, तर जुन्या हिशेबाने तो माणूस बारगीर होतो. शिलेदार म्हणवून घ्यायला घोडा स्वतःचा लागतो. बारगिरी काही वाईट नव्हे. पागा बारगिरांवरच चालत असे. फक्त नाव खरे असावे. पुण्यात 'शिलेदार' म्हटले की जुन्या माणसांना जयराम आणि जयमाला शिलेदारांची नाट्यपदे आठवतात. मला ते योग्य वाटते. १९४९ साली 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढून त्या दोघांनी संगीत नाटकाचा पडता काळ आपल्या बळावर झेलला. घोडा त्यांचा स्वतःचा होता.

* * *

शब्दाला मान कशाने येतो, घोड्याने की वागण्याने? हा प्रश्न युरोपलाही पडला होता. नाईट म्हणजे अबलांचा कैवारी, असे चित्र काव्यांनी रंगवले; पण प्रत्यक्षात हत्यारबंद स्वारांनी खेडी लुटली, म्हणूनच दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या धर्मगुरूंना सभा भरवून शेतकरी, त्यांची गुरे आणि देवळे यांना हात न लावण्याच्या शपथा घ्यायला लावाव्या लागल्या. 'शिव्हलरी' या गोड शब्दाचा मूळ अर्थ नुसता घोडदळ. त्यातले सौजन्य हे मागाहून घातलेल्या लगामासारखे आहे.

आपल्याकडे असा लगाम कोणी घातला काय? घातला होता, आणि त्याचा कागद उपलब्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांना आणि हवालदारांना १६७० नंतरच्या दशकात शिवाजी महाराजांचे एक पत्र गेले. त्यात पराक्रमाचा शब्द नाही. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणागोटा आताच उधळलात, तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडून दाणे, भाकरी, लाकूडफाटा, भाजी ओरबाडू लागाल. आणि ती गरीब माणसे म्हणतील की यापेक्षा मोगल बरे. ज्याला जे पाहिजे ते त्याने बाजारात विकत घ्यावे. रात्री दिवा जळता ठेवू नये; उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. असा त्या पत्राचा आशय आहे.

मला हे पत्र नाईटच्या सगळ्या शपथांहून मोठे वाटते, आणि ते त्यातल्या उंदरामुळे. मोठमोठ्या शपथा घेणे सोपे असते. पण उंदीर, वात, गवत, घोडा, भूक आणि मग कुणब्याच्या परसातली भाजी, ही साखळी ज्याला दिसली त्याने घोडदळ म्हणजे काय ते मुळातून ओळखले होते. दुबळ्याचे रक्षण करा, असे त्यात कुठे मोठ्या अक्षरांत लिहिलेले नाही. स्वतःची वैरण जपा, एवढेच सांगितले आहे. रक्षण त्यातच आले.

आणि लगाम सुटला की काय होते, तेही याच शब्दाने नोंदवून ठेवले आहे. १७४२ पासून नऊ-दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. बंगाली लोकांनी आपल्या 'बारगीर' शब्दाचा 'बर्गी' केला, आणि तो लेकरांना झोपवण्याच्या गाण्यात जाऊन बसला. आमच्या शौर्यकथेतला स्वार बंगाली आईच्या ओठांवर बागुलबुवा झाला. हे वाचताना मराठी माणसाला वाईट वाटते, वाटावेच. शब्दकोशात दिलेला अर्थ हा भाल्याच्या मुठीकडून पाहिलेला असतो. टोकाकडून पाहणाऱ्याचा कोश वेगळा असतो, आणि तोही खोटा नसतो.

* * *

इंग्रजी अमदानीत खुद्द नाईटच आपल्याकडे आला. १८४२ साली मुंबईचे जमशेटजी जिजीभाई हे नाईट झालेले पहिले हिंदी गृहस्थ. १८७८ साली हिंदी साम्राज्याची म्हणून एक पदवीमालिका निघाली, आणि तिच्या वरच्या पायऱ्यांवर पोचलेल्यांच्या नावामागे 'सर' लागू लागले. पुण्यातही सर झाले. पण पुणेकरांनी त्या पदवीचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ साली सर झाले. आज त्यांना सर भांडारकर कोण म्हणतो? ते आपले डॉ. भांडारकरच. गटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली दिलेली डॉक्टरेट लोकांनी जपली आणि बादशहाची पदवी सोडून दिली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९४२ साली सर झाले. पण केंब्रिजच्या १८९९ सालच्या गणिताच्या परीक्षेत मिळवलेले 'रँग्लर' त्यांच्या नावाला असे चिकटले होते की 'सर'ला जागाच उरली नव्हती. ज्यांच्या कॉलेजात निम्मे पुणे शिकले, ते सर परशुरामभाऊ तर केवळ एक इंग्रजी आद्याक्षर होऊन राहिले. 'एस. पी.'मधला 'एस' म्हणजे जमखंडीकरांची नाईटकी, हे तिथल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? अपवाद आहे, नाही असे नाही. पुण्यात इंजिनिअर झालेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचे जनक विश्वेश्वरय्या यांना १९५५ साली भारतरत्न मिळाल्यावरही लोक 'सर विश्वेश्वरय्या' म्हणत राहिले. पण पुणेकरांचा एकंदर कल स्पष्ट आहे: कमावलेले नाव ठेवायचे, दिलेले गाळायचे.

पदवी परत करणारे रवींद्रनाथ सर्वांना माहीत आहेत. १९१५ साली मिळालेली नाईटकी त्यांनी जालियनवाला बागेनंतर, १९१९ साली, सोडून दिली. पण मुळात घेतलीच नाही असा एक माणूस पुण्यात होता, त्याची आठवण कमी निघते. गोपाळ कृष्ण गोखले यांना १९१४ साली के.सी.आय.ई. देऊ केली होती. आधी १९०४ साली त्यांनी त्याच मालिकेतली खालची पायरी, सी.आय.ई., स्वीकारली होती. तेव्हा सरकारचा मान म्हणजे विटाळ, असे मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. तरी 'सर' होण्याचे त्यांनी नाकारले, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ते वारले.

आता या माणसाने स्वतःच्या संस्थेला कोणते नाव दिले होते ते पाहा. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी स्थापन केला तो भारत सेवक समाज. इंग्रजी नावात तर 'सर्व्हंट', म्हणजे चाकर, हाच शब्द. समाजात येणाऱ्याला सात शपथा घ्याव्या लागत. देश प्रथम, सर्व भारतीय भावंडे, जात-धर्म न पाहता, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, संस्था देईल तेवढ्यात घर चालवायचे, वैयक्तिक भांडण करायचे नाही, अशा त्या शपथा. शपथ, उमेदवारीची वर्षे, अपुरा शिधा आणि धन्याची एकनिष्ठ चाकरी. धनी मात्र देश. गोखल्यांच्या मनात शब्दाची व्युत्पत्ती होती असे मला म्हणायचे नाही. पण त्यांनी नाईट हा शब्द नाकारला आणि नाईटचा मूळ अर्थ आयुष्यभर चालवला, हे खरे आहे. पुढे याच समाजातून ना. म. जोशी गिरणीकामगारांकडे गेले आणि ठक्करबाप्पा भिल्लांच्या पाड्यांवर गेले. जुन्या इंग्रजीतल्या क्निह्तला हे काम ओळखीचे वाटले असते.

* * *

मग 'नाईट'ला मराठीत म्हणावे काय? भाषांतर करणाऱ्यांनी बहुधा 'सरदार' म्हणून वेळ मारून नेली आहे. ते चालते, पण अपुरे आहे. सरदारात हुकूम आहे, शपथ नाही. 'वीर' म्हटले तर शौर्य येते, चाकरी जाते. 'शिलेदार'मध्ये घोडा-हत्यार येते, पण धनी पातळ होतो. बुद्धिबळात आपण सरळ 'घोडा' म्हणतो; इंग्रज ज्या सोंगटीत स्वार पाहतो तिच्यात आपल्याला फक्त जनावर दिसते, आणि डोळ्यांपुढच्या लाकडाशी आपलेच म्हणणे जास्त प्रामाणिक आहे. प्रसंग पाहून यांपैकी योग्य तो शब्द घ्यावा, हे उत्तम. पण त्या शब्दाचा आत्मा हवा असेल तर मी एकच शब्द सुचवीन, आणि त्याच्याजवळ घोडा नाही. तो शब्द म्हणजे पाईक.

पाईकाच्या मुळाशी पाय आहे. तो पायदळातला शिपाई. फौजेच्या उतरंडीत सर्वांत खाली. तरी तुकोबांनी त्याच्यावर अभंगांचे एक प्रकरणच रचले. जिवाची पर्वा न करणारा आणि धन्याशी आतबाहेर एक असणारा भक्त कसा असतो, हे सांगायला त्यांना राऊत आठवला नाही, शिलेदार आठवला नाही, पाईक आठवला. तेव्हापासून मराठीत निष्ठेचा शब्द तोच आहे. आपण स्वातंत्र्याचे पाईक म्हणतो, सत्याचे पाईक म्हणतो. स्वातंत्र्याचे घोडेस्वार म्हणत नाही. इंग्रजीने चाकराला घोड्यावर बसवून मान दिला, आणि घोड्यावर बसताच तो चाकरी विसरला. मराठीने मान दिला तो चालणाऱ्याला. ज्या मुलुखात देवाला भेटायलाही पायी जातात, तिथे हे साहजिकच होते.

आमच्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने १९५० पासून सरकारी पदव्या बंद केल्या. लष्करी आणि विद्येचे मान तेवढे ठेवले. तरी माणसाची हौस कायद्याने जात नाही, आणि सभांच्या व्यासपीठांवर 'पाईक'ही आता स्वस्त होऊ लागला आहे. तो महाग ठेवणे आपल्या हातात आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती. १८८४ साली रानडे, भांडारकर आदी मंडळींनी मुलींची शाळा काढली, ती पुढे त्या जागेत आली आणि पागेचेच नाव तिला पडले. आज 'हुजूरपागा' म्हटले की पुण्यात कोणाला घोडा आठवत नाही. दप्तर घेऊन चालत शाळेत निघालेली मुलगी आठवते. शब्दाचा मान वाढतो तो असा.